फणसापासून अकरा पावलं

शेतकरी जगातलं सगळं विसरेल, पण आपल्या जमिनीत काय कुठे आहे ते मरेपर्यंत विसरत नाही, असं म्हादूनं बोलणी पक्की करायला आलेल्या व्याह्यांना सांगितलं होतं. सांगताना त्याचा आवाजही जरा जड झाला होता. आज, मुलीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी आठ वाजता तो आपल्याच अंगणात तिसरा खड्डा खणत होता.

पहिल्या खड्ड्यात फुटकी बशी सापडली, दुसऱ्यात फणसाच्या मुळ्या. तिसऱ्यात गुडघाभर खाली गेल्यावर पहार ठणकन दगडाला लागली आणि म्हादू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. डोक्याला नवा पटका, अंगात नवा सदरा आणि कोपरापर्यंत माती.

त्याची बहीण फुला चुलीकडून पळी घेऊनच आली.

"दादा, मुहूर्त अकरा चाळीसचा हाय. आणि तू विहीर काडतोयस व्हय?"

"फुला, तो दगड कुटं हाय?"

"कुटला दगड?"

"काळा. मदी पांढरी रेघ असलेला. हितंच कडंला होता."

फुलानं मान वळवून चुलीकडे पाहिलं. तीन दगडांच्या चुलीवर तीनशे माणसांच्या भाताचं आधण चढलं होतं. त्यातल्या एका दगडाला पांढरी रेघ होती.

"एक दगड कमी पडत हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, असाच पडलाय."

"असाच दगड पडतोय काय कवा?"

"आपल्यात असेच पडतात, दादा. परडं भरून पडल्यात."

"आणि त्याच्याजवळ कळकाची काठी हुती ती?"

फुलानं पळी वर केली. डोक्यावर मांडव होता. मांडवाला बांबूचे साठ कळक लागले होते आणि साठही एकसारखे दिसत होते.

म्हादू शोधत होता तो एक कोन, जमिनीखाली वाढणारा खायचा कंद. कोनाची वेल पावसाळाभर काठीवरून वर चढते, पौषात पिवळी पडते, माघात वाळून उडून जाते. त्यानंतर खाली मातीत काय आहे ते फक्त लावणाऱ्याला आणि रानडुकराला ठाऊक असतं. म्हणून लावणारा खूण ठेवतो. डुकराला खूण लागत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी म्हादूची बायको शांता दिग्गीहून लग्न होऊन गुंदला आली, तेव्हा तिच्या ओटीत राखेत घोळलेलं कोनाचं मुंडकं होतं. मुंडकं म्हणजे कंदाचा वरचा, वेलीकडचा तुकडा. खालचा कोन खायचा आणि मुंडकं पुन्हा लावायचं. शांताच्या घरी मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत ते घालायची. बाकी भांडीकुंडी ज्याची त्याची ऐपत. म्हणजे शांताच्या आजीनं खाल्लेला कोन आणि शांताच्या मुलीनं, मयूरीनं खाल्लेला कोन हा, नीट पाहिलं तर, एकच कोन होता. त्याला संपायला सवडच मिळाली नव्हती.

चार वर्षांपूर्वी शांता गेली. कोन राहिला. गेल्या वर्षी शेतात डुकरं घुसली आणि तोही जवळजवळ गेला. वाचलं ते एक मुंडकं म्हादूनं वैशाखात अंगणाच्या कडेला, माणसांच्या वासात लावलं. माघात सगळ्यांचे कोन निघाले. त्यानं आपला काढला नाही. मयूरी निघेल त्या दिवशी काढायचा, खालचा भाग व्याह्यांना द्यायचा, मुंडकं पोरीच्या ओटीत. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं द्यायची वस्तू बापानं द्यायची म्हणजे त्याला थोडी लाज वाटत होती. पण आज त्याच्या हातानं देण्यासारखं तेवढंच होतं. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून पाटावर फुला आणि तिचा नवरा बसणार होते. मुलीचा बाप म्हणून म्हादूकडे मांडवात हात जोडून उभं राहण्याचं काम होतं.

"फणसापासनं अकरा पावलं, गोठ्याच्या अंगाला," तो स्वतःशीच म्हणाला. "अकरा बगितली. मग म्हटलं, गुडघा धरल्यापास्नं पाऊल ल्हान झालंय. म्हणून बारा बगितली. मग तेरा."

"चौदाव्यावर गोठा हाय," फुला म्हणाली. "म्हशीला उठीव आता."

शेजारचा गुणा मांडवाला आंब्याचे टहाळे बांधत होता. तो शिडीवरून उतरला. म्हादू खड्ड्यातून वर येताना घसरला तसा गुणानं त्याला दंडाला धरलं.

"निधान गा, निधान! सावकाश! लग्नाच्या दिवशी पाय मोडलास तर पोरीला घालवायला कोण जायचं, मी?"

दोघांनी मिळून तिन्ही खड्ड्यांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर सुपारीच्या झावळ्या. लांबून पाहिलं तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं.

खरं म्हणजे हे लग्न इथे व्हायचंच नव्हतं. व्याही तुकाराम यांचं रामनगरात लोखंडी सामानाचं दुकान होतं, मूळ घर खानापूरकडचं, आणि त्यांच्या मनात रामनगरचं मंगल कार्यालय होतं, जिथे पंखे होते आणि गाड्या लावायला जागा होती. म्हादूच्याही मनात तेच होतं. त्याचा सगळा जन्म या अंगणात गेला होता. एक दिवस तरी दुसरीकडे काढावा असं त्याला वाटे. पण मयूरी ऐकेना. ती तीन वर्षं गणेशगुडीच्या एका लॉजमध्ये काऊंटरवर कामाला होती. तिथे बेंगळुरूचे लोक मातीच्या भिंतीला हात लावून फोटो काढायचे आणि निघताना भिंत छान होती असं वहीत लिहून जायचे. लग्न घरीच, असं तिनं एकदाच सांगितलं. बेळगावात राहणारा नवरदेव महेश लगेच तयार झाला, कारण त्याचा फोटोग्राफर मित्र अमोल म्हणाला की अशा लग्नाला आता 'रस्टिक' म्हणतात आणि लोक त्यासाठी रांगा लावतात.

"रस्टिक म्हंजे काय गं?" म्हादूनं तेव्हा विचारलं होतं.

"म्हंजे आपल्यासारखं, बा."

ते ऐकून म्हादू दुसऱ्याच दिवशी रामनगरला गेला आणि लाल गालिचा आणि मखमलीचा सोफा ठरवून आला.

तो सोफा आता फणसाच्या दाट सावलीत, सगळ्या अंगणातल्या उत्तम जागी, गालिच्यावर ठेवलेला होता. दहा वाजता दोन बसगाड्या आणि एक जीप भरून वऱ्हाड आलं आणि तुकाराम सोफ्यावर बसले. बसता बसता त्यांची नजर झावळ्यांवर गेली. दुकानदाराची नजर, झाकलेल्या मालावर ती आधी जाते.

"व्याही, हे खड्डे कसले?"

"खांबाचे," म्हादू म्हणाला.

"मग खांब कुठायत?"

"काडले."

तुकारामांनी म्हादूच्या हातांकडे पाहिलं. धुतले होते, पण नखांत माती होती. लग्नाच्या दिवशी सकाळी मुलीचा बाप आपलं अंगण तीन ठिकाणी खणतो आणि विचारलं तर खांब म्हणतो, यातून शहाण्या माणसानं काढायचा तो अर्थ त्यांनी काढला. तो त्यांनी फक्त बायकोला, शकुंतलाबाईंना सांगितला. साडेदहापर्यंत तो दुसऱ्या बसगाडीपर्यंत पोचला. खानापूरच्या एका आत्याबाईंनी तर सांगितलं की धरणात गावं गेली तेव्हा इकडच्या लोकांनी सोनं हंड्यात घालून वर आणलं आणि पुरलं. धरणाच्या वेळी त्या खानापुरात दुसरीत होत्या, पण त्यांना सगळं आठवत होतं.

अकरा वाजेपर्यंत कालचा 'म्हादू' 'महादेवराव' झाला होता. कुणीतरी त्याला स्वतः उठून खुर्ची दिली. म्हादूला वाटलं, आपला नवा सदरा लोकांना आवडला असावा.

अमोलनं झावळ्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "हे फार नॅचरल आलंय."

मुहूर्तावर मंगलाष्टकं झाली. म्हादू हात जोडून उभा राहिला. अंतरपाटाच्या एका बाजूला मयूरी होती, शांताच्या जुन्या ठुशीत, मान खाली घालून. पण म्हादूची मान तिच्यापेक्षा खाली होती. तो गालिच्याच्या कडेनं, माणसांच्या चपलांमधून, जमीन बघत होता. बायका एकमेकींना म्हणाल्या, बापाला रडू येतंय. ते खरं नव्हतं. अक्षता पडल्या, फुला पाटावर बसली, तिनं आपल्या ओंजळीतून पोरीच्या ओंजळीवर पाणी सोडलं, तेव्हा ते खरं झालं.

सप्तपदी झाली. नवरा-नवरी पाया पडायला आली. महेश वाकून उठला. मयूरी वाकली ती तशीच थोडा वेळ राहिली, आणि उठताना तिनं बापाचे हात धरून उलटे केले.

"बा, सकाळपास्नं काय शोधतोयस?"

"काय न्हाई."

"बा."

म्हादूनं आजूबाजूला पाहिलं. मग तो इतक्या हळू बोलला की महेशलाही पुढे वाकावं लागलं.

"तुज्या आईचा कोन. तुला म्हणून ठेवलेला. आत्तीनं दगड चुलीला लावलाय."

मेंदीच्या बोटांनी मयूरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या.

"कुटं कुटं बगितलास?"

"फणसापासनं अकरा. मग बारा, मग तेरा."

"पावलं कुणी मोजली हुती?"

"मीच मोजलो की."

"तू कुदळ आणाय गेला हुतास. मोजली मी हुती."

म्हादू तिच्या पायांकडे बघत राहिला. शांतासारखेच लहान पाय होते. त्याचं पाऊल गुडघ्यानं आखडलं होतं तरी पोरीच्या पावलाहून मोठंच होतं. आणि तो सकाळपासून उलट्या दिशेनं, पुढे पुढे जात राहिला होता.

मयूरी फणसाकडे निघाली. तिच्या पदराची गाठ महेशच्या उपरण्याला होती, त्यामुळे महेशही निघाला.

"काय करतोय आपण?" त्यानं विचारलं.

"चल. माज्याबरोबर मोज."

फणसाच्या बुंध्याला पाठ लावून ती वळली आणि गोठ्याकडे चालू लागली. एक, दोन, तीन. सात पावलं तर आत्ताच झाली होती. ही वरची अकरा. अमोल मागे मागे वाकून फोटो काढत होता, त्याला वाटलं हाही विधीच आहे. ते पाहून वऱ्हाडातल्या दोघीतिघींनी उरलेल्या अक्षता टाकल्या. अकरावं पाऊल तुकारामांच्या सोफ्यापाशी पडलं.

मयूरीनं सासऱ्यांकडे पाहिलं. नव्या सुनेनं पहिल्या पाच मिनिटांत सासऱ्याला उठ म्हणावं की नाही, हे कुणी तिला सांगून ठेवलं नव्हतं.

"मामंजी, जरा—"

"उठतो की! उठतो!" तुकाराम उठलेच होते. "अहो, उठा सगळे. महेश, सोफा धर त्या बाजूनं. गालिचा ओढा. महादेवराव, पहार आणा."

त्यांनी स्वतः एका टोकाला हात लावला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या लग्नात सोफा उचलला नव्हता. तीनशे माणसं गोल करून उभी राहिली. फुलाचा भात खाली लागल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

म्हादू गुडघ्यावर बसला. चार-सहा घाव पहारीचे घातले, मग पहार बाजूला ठेवली आणि बोटांनी माती काढू लागला. पहारीचा घाव बसलेला कोन कुजतो. वीतभर खाली त्याच्या बोटांना ओळखीचं काहीतरी लागलं. खरखरीत, केसाळ. त्यानं माती फुंकली. मुंडकं होतं, आणि त्याला तांबूस कोंब फुटला होता.

"हाय," तो म्हणाला.

"आहे म्हणतात," तुकाराम मागच्यांना म्हणाले.

खाली किती मोठा आहे बघावं म्हणून म्हादूनं बाजूनं हात घातला. हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत, आणि कशालाच लागला नाही. मग त्यानं हात बाहेर काढला. हातात एक काळापांढरा काटा होता, वीतभर लांब.

गुणानं तो घेतला, उजेडाकडे धरला.

"साळिंदर," तो म्हणाला. "कुंपणाच्या खालनं आलंय बग. डुकराला माणसाचा वास लागतोय गा, ह्याला काय पडलीय."

तुकाराम वाकून खड्ड्यात बघत होते.

"काय लागलं, महादेवराव?"

"कोन."

"कसला?"

"खायाचा. तुमालाच द्यायाचा हुता, व्याही. साळिंदरानं खाल्ला."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली माती."

तुकाराम आणखी थोडा वेळ बघत राहिले, न जाणो. मग सरळ उभे राहिले, आणि घोळका हळूहळू पंगतीकडे वळला. आत्याबाई म्हणाल्या, धरणाचं सोनं तिकडे, दुसऱ्या गावात असेल.

म्हादूला हे काही ऐकू गेलं नाही. त्यानं मुंडकं मोकळं केलं, नव्या सदऱ्याला पुसलं आणि ते दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला. ओटी कशी भरायची ते त्याला ठाऊक नव्हतं. हे त्यानं कधी बायकांत जाऊन पाहिलं नव्हतं.

"घाल की ओटीत," फुला मागून म्हणाली. "बगत काय बसलायस?"

मयूरीनं पदर पुढे केला. म्हादूनं मुंडकं त्यात ठेवलं आणि मग एकदम पुष्कळ बोलू लागला.

"मिरगाच्या आदी लाव. हातभर खड्डा काड, रुंद काड, कोन खाली वाडतोय. तळाला वाळका पाला, वर शेण, मग माती. दगडगोटं ठेवू नकोस, आडवा जातोय. वर चडाय झाड बग. आंबा नको, सावली करतोय. पांगारा आसला तर बेस. आणि खूण ठेव. दगड नको, दगड नेत्यात. काय तरी दुसरं ठेव."

"व्हय, बा."

"पयल्या वर्षी ल्हान येतोय. टाकू नकोस."

"न्हाई, बा."

महेश ऐकत होता. "मामा," तो म्हणाला, "आमच्या तिकडं बेळगावात—"

उपरण्याची गाठ जराशी ओढली गेली. महेशनं मयूरीकडे पाहिलं. ती मुंडक्याकडे बघत होती.

"—तिकडं पाऊस बरा असतोय," महेश म्हणाला.

"मग येतोय," म्हादू म्हणाला. "पाऊस आसला की येतोय."

मयूरीनं पदर बापापुढे धरला.

"बा, फोड हे."

"का गं?"

"अर्दं हितं लाव. तिकडची माती कशी हाय कुणाला म्हाईत. लागलं न्हाई तर?"

म्हादूनं विचार केला. पोरीचं बरोबर होतं. हे शांतालाही सुचलं असतं, आणि त्याला सुचलं नसतं. गुणानं कोयता आणून दिला. म्हादूनं कोंब एका तुकड्यात राहील असं पाहून मुंडकं दोन केलं. फुलानं चुलीतली राख आणली. कापलेल्या अंगाला राख लावून कोंबाचा तुकडा त्यानं मयूरीला दिला आणि दुसरा जागच्या जागी, साळिंदराचं भुयार दगडांनी गच्च ठासून, मातीत ठेवला. भात उतरला होता, म्हणून फुलानं पांढऱ्या रेघेचा दगडही आणला. तो आता पूर्ण काळा होता. रेघ कुठेच दिसत नव्हती.

"ह्याचा काय भरोसा न्हाई," गुणा म्हणाला.

तेव्हा तुकाराम पंगतीतून उठून आले. जीपमधून त्यांनी मोजायची टेप आणवली होती. ती ते नेहमी बरोबर ठेवत. तिचं एक टोक त्यांनी फणसाच्या बुंध्याला सुनेकडे धरायला दिलं आणि दुसरं स्वतः खड्ड्यापर्यंत ओढत आणलं. गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर सारून, आकडा दोनदा वाचला.

"सतरा फूट चार इंच," ते म्हणाले. "पावलाबिवलाचं काही खरं नसतं, म्हादू. लक्षात ठेव. सतरा, चार."

"सतरा, चार," म्हादू म्हणाला.

चार वाजता वऱ्हाड निघालं. मयूरी जीपमध्ये पुढे बसली, मांडीवर रुमालात गुंडाळलेला तुकडा. म्हादू खिडकीशी उभा होता.

"वलं फडकं ठेवू नकोस, कुजतंय," तो म्हणाला.

"न्हाई, बा."

"पांगारा."

"व्हय, बा. पांगारा."

जीप वळणाआड गेली. म्हादू अंगणात आला, सोफा परत न्यायला आलेल्या माणसांना त्यानं लांबूनच वळसा घालायला लावला, आणि फणसाला पाठ लावून एकदा नीट उभा राहिला.

बेळगावातलं मयूरी-महेशचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होतं. बाल्कनी चार फूट बाय तीन, आणि तिथे आदल्याच आठवड्यात वॉशिंग मशीन बसवलं होतं.